अक्कलदाढेचं कवच

ताई, नमस्कार मागाहून, आधी भांडण. धाकटी दातांच्या कॉलेजात लोकांच्या कवळ्या धुते, असं तू मामींना सांगितलंस म्हणे. कवळ्या? तेवीस वर्षं झाली मला इथे, एकही कवळी हातात धरलेली नाही. मी दातांचे काप करते. कितीदा सांगितलं, पण तुझं आपलं पालथ्या घड्यावर पाणी. (हं, आता नमस्कार घे. गुडघे कसे आहेत? भाऊजींनाही सांग, पण पत्र त्यांच्याकडून वाचून घेऊ नकोस. ते गाळून वाचतात.)

काप म्हणजे काय ते ऐक, म्हणजे पुन्हा चुकायची नाहीस. काढलेला दात बोटाने धरून ओल्या दगडावर घासायचा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या, शेवटी काचेवर. घासता घासता तो इतका पातळ होतो की वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची अक्षरं दिसतात. (पेपर इंग्रजी असला तर मला वाचता येत नाहीत हे खरं, पण दिसतात.) मग मुलं तो मायक्रोस्कोपखाली बघतात आणि डॉक्टर होतात. पाचवीत शाळा सुटलेल्या बाईच्या बोटांखालून किती डॉक्टर गेले, मोज जरा.

आणि त्या कापात बघण्यासारखं काय, तर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच. माणसाच्या अंगात याच्याइतकं कडक काही नाही, हाडसुद्धा नाही. बारीक काड्यांची जुडी असते नुसती, एकीला एक खेटून आतून बाहेर नागमोडी गेलेली. एका केसाच्या जाडीत दहा-पंधरा काड्या मावतील. आणि त्यात जीव नाही. बांधणारे कारागीर दात बाहेर येईतो काम उरकून मरून जातात, म्हणून टवका उडाला की तो भरून येत नाही. कडक खरं, पण ठिसूळ. आतल्या पिवळ्या भागाचा आधार आहे तोवर ऐट, तो किडला की भातातल्या एका खड्यावर कारभार आटोपला. (भाऊजींना तुझा आधार आहे म्हणून बरं.) माझ्या लग्नात तू मला पिवळ्या दातांची म्हणालीस ना? कवचातून आरपार दिसतं, म्हणून आतला पिवळा रंग बाहेर येतो. तो मळ नव्हता. तीस वर्षांनी उत्तर देते आहे, जपून ठेव.

आता घडलं ते. आमच्या मोठ्या मॅडमना दात कापायचं यंत्र आणायचंय. "मावशी, हाताने आता कोण करतं?" असं मला तोंडावर म्हणाल्या. मी म्हटलं, "मी करते. समोर बसलेय." शेवटी ठरलं, महिन्याच्या शेवटच्या सोमवारी एक काप यंत्रवाल्याचा, एक माझा, सगळे मास्तर बघणार. माझा हरला की दगड माळ्यावर आणि मी जिन्याच्या फरशीवर, फडकं घेऊन.

नेमकी तेव्हाच माझी अक्कलदाढ दुखायला लागली, हिरडी सुजली. शिकाऊ डॉक्टरणीने अर्धा तास ओढली, घामाघूम झाली बिचारी. मीच म्हटलं, "पाय लाव भिंतीला." निघाली तेव्हा काय सांगू! आमच्याकडे येतात ते सगळे किडके नाहीतर फुटके. ही धडधाकट, कुठे डाग नाही. मॅडम म्हणाल्या, "इतकं जाड कवच मी दहा वर्षांत बघितलं नाही." (हे वाक्य मामींना मोठ्याने वाचून दाखव.)

आणि घात झाला. आमच्या टेबलावर दोन बरण्या असतात. एकीत मिठाचं पाणी, दात ठेवायला. दुसरीत ॲसिड, कारण काही दात मऊ करून सुरीने कापतात. ॲसिडात कवच विरघळून जातं, कारण ते जवळजवळ सगळं क्षारच. आतल्या भागात चिवट धागे असतात, तेवढा उरतो. आमच्या शिपायाने, घाईमामाने, माझी दाढ ॲसिडात टाकली. पाच दिवसांनी बघते तर कवच गायब आणि दाढ खोडरबरासारखी वाकतेय. मॅडमपुढे वाकवून दाखवली. त्या हसल्या नाहीत. घाईमामाला सगळ्यांसमोर झापलं, तो मान खाली घालून उभा. मी दुसऱ्या बाजूची दाढ काढा म्हणून तोंड वासलं, तर शिकाऊ डॉक्टरीण म्हणते, "मावशी, चांगला दात काढला तर मला घरी पाठवतील."

असो. इकडे सगळं ठीक. तब्येतीला जप.

तुझी धाकटी

ता. क. तुझी ती आडवी अक्कलदाढ, जी काढा म्हणून डॉक्टर आठ महिने सांगतोय आणि तू गाल धरून बसतेस, ती काढ. मला हवी आहे. मी पाचवीत असताना आपण दोघी एका खाटेवर महिनाभर तापाने पडलो होतो, आठवतं? मी पुन्हा शाळेत गेलेच नाही. कवच थराथराने चढतं, झाडाच्या खोडासारख्या रेघा असतात त्यात, आणि मोठ्या आजाराची रेघ ठळक उमटते. तेव्हा तुझी अक्कलदाढ घडत होती. तो ताप तिच्यात असणार. यंत्र कापेल कसंही, पण ती रेघ फाटू न देता तिच्यापाशी थांबायला माझंच बोट लागेल. लहान बाटली, मिठाचं पाणी, झाकण घट्ट. व्हिनेगर नको, लिंबू नको, घासूनपुसून चकचकीत करणं तर अजिबात नको.

ता. क. दुसरा. वर घाईमामाने टाकली असं लिहिलंय. टाकली मी. खिडकीकडची बरणी मिठाची, हे मला डोळे मिटून ठाऊक, म्हणून बरणीवरची चिठ्ठी कधी वाचत नाही. त्या दिवशी खिडकी धुवायला बरण्या मीच इकडच्या तिकडे केल्या होत्या. त्याने आपणहून अंगावर घेतलं, मी गप्प बसले. सोमवारी काप दाखवला की मॅडमना सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे, जिंकले तरी, हरले तरी. पण दाखवायला काही हवं ना हातात. बुधवारपर्यंत उत्तर पाहिजे. भीती वाटत असेल तर तसं लिही, गुरुवारच्या पहिल्या गाडीने येते आणि खुर्चीपाशी तुझा हात धरून बसते. पण बुधवार म्हणजे बुधवार.