खालचा सुतारखाना नाटकमंडळींना देण्याबाबत

मी, वय एकाहत्तर, निवृत्त टंकलेखिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणी न सांगता हे लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक. मूल नाही. या कागदात 'हे' म्हणजे माझे पती समजावे. मी त्यांना दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारली नाही. ते चार महिन्यांपूर्वी गेले.

१. वरचे राहते घर आणि बँकेतील ठेव माझ्या भाचीला. ती वकील आहे. या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. वडिलांची सुतारकामाची हत्यारे तळमजल्यावरच राहावीत. रंधा शोभेला भिंतीवर टांगू नये, वापरावा.

३. वडिलांकडून मला आलेला तळमजल्याचा सुतारखाना ह्यांच्या नाटकमंडळींच्या नोंदणीकृत संस्थेला कायमचा देत आहे. तो विकता, गहाण ठेवता किंवा दुकानांना भाड्याने देता येणार नाही. इतर लहान संस्थांनाही तालमीला द्यावा, त्यांच्याकडून वीज आणि झाडलोट एवढाच खर्च घ्यावा. मंडळी बंद पडली, तर जागा नफा न कमावणाऱ्या दुसऱ्या कलासंस्थेकडे जावी.

यावर धाकटे भावजी म्हणाले, "वहिनी, सवतीला घर बांधून देताय." चाळीस वर्षे सवतच होती ती. रोजची संध्याकाळ तिची.

तालमीत जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवून दारे-खिडक्या आखतात. जागामालकाने बाहेर काढले, की हे ती पट्टी सोलून एका गोळ्यावर गुंडाळत. अकरा जागा झाल्या. गोळा कलिंगडाएवढा आहे. सुतारखाना त्यांनी एकदाच मागितला. मी म्हटले, "माझी संध्याकाळ घेतलीत, आता माझ्या बापाची जागाही हवी?" पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. मी जागा प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या गोदामाला दिली. शेवटच्या आजारात त्यांना लांब जाणे जमेना, तेव्हा ती रिकामी करून दिली. पण तालीम बघायला एकदाही खाली उतरले नाही.

४. मंडळींच्या मुख्य नटीला, जिला सगळे ताई म्हणतात, माझा एक काचेचा पेला द्यावा. हे गेल्यावर ती भेटायला आली. आमच्या घरी पहिल्यांदाच. मला पाणी द्यायला आत गेली आणि ओट्याच्या डावीकडे, पडद्यामागच्या फळीवरून, न बघता तो पेला उचलला. तुला कसे कळले, असे मी विचारले.

"काकू, तीन महिने इथेच तर वावरतेय मी. सरांनी नव्या नाटकासाठी खाली हेच आखलंय."

मी खाली गेले. ओटा, फळी, मी बसते ते स्टूल, सगळे इंचाइंचाने बरोबर. हे स्वयंपाकघरात पाच मिनिटे टिकत नाहीत, असा माझा समज होता. पाहिले माझे आणि दाखवले तिला. तो राग अजून गेलेला नाही. म्हणून तिला पेला, दुसरे काही नाही.

५. पट्टीचा गोळा मंडळींनी ठेवावा. तो यापुढे वाढू नये, एवढ्यासाठीच कलम तीन.

त्या नाटकाचा पहिला प्रयोग झाल्यावर स्वयंपाकघराची पट्टी मी स्वतः, या गुडघ्यांनी खाली बसून, सोलली. ती गोळ्यात नाही, माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे. ती माझ्याबरोबर जाऊ द्यावी. ताईने मागितली तरी देऊ नये.

वरील सर्व पुन्हा वाचून, पटून सही करत आहे.

सही: लिहून देणार

साक्षीदार:
१. शेजारचे डॉक्टर, आजच मला तपासून
२. खुर्च्यांचे गोदामवाले, जागा सोडावी लागल्याचा राग न धरता

ठिकाण: सुतारखान्याच्या वरचे घर
दिनांक ९ फेब्रुवारी, संध्याकाळ. खाली तालीम चालू आहे.