रक्तात नाही, नळात

प्रिय नोरीनताई,

रागावू नकोस. चार महिने लिहीन लिहीन म्हणतोय. आधी रेनमार्कला संत्री तोडत होतो, मग मेंढ्यांच्या कातरणीवर गेलो, मग एकाची गाडी वाळूत रुतली, ती ढकलता ढकलता... ते जाऊ दे. सध्या ॲडलेडच्या इस्पितळात आहे.

इथे नळ सोडला की कधीही गरम पाणी. पहिल्या दिवशी मी त्याखाली नुसता उभा राहिलो आणि आपलं घर आठवलं. तीन खोल्या, अठरा माणसं, एका गादीवर आपण पाच जण आणि कुत्री. मोठी आई ओरडायची, "आपापले पाय मोजून घ्या आणि झोपा रे!" किती हसायचो! गरम पाण्याचा बिघडलेला नळ दुरुस्त करणारा दीड वर्षाने उगवला आणि म्हणाला, "वायसर आणायचा राहिला." त्यावरही हसलो.

शेजारी गोऱ्या मास्तरांचं घर, तिघांना चार खोल्या. त्यांचा केल्विन आपल्याबरोबरच धुळीत फुटबॉल खेळायचा, आपल्यासारखाच त्याचाही घसा धरायचा. त्याचा आठवड्यात सुटायचा. आपल्या घरात तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला आणि शेवटी आपल्या भावाच्या हृदयात उतरला. आपल्या रीतीप्रमाणे गेलेल्याचं नाव लिहीत नाही, तुला कळलंच. मग माझ्या.

परवा नव्या डॉक्टरने विचारलं, "हे हृदयाचं दुखणं तुम्हा आदिवासी लोकांच्या रक्तातच असतं का?" म्हटलं, "रक्तात नाही, नळात." बिचारा कानापर्यंत लाल झाला.

तुझ्या छोटीचा घसा दुखतोय म्हणे. आजच दवाखान्यात ने. घशातलं हृदयात पुन्हा उतरू नये म्हणून दर महिन्याला घ्यायचं इंजेक्शन मी भटकण्यात चार वेळा चुकवलं, तसला शहाणपणा तिच्याबाबतीत नको.

आता खरं सांगतो. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे आणि मी अजून सही केलेली नाही. आपला भाऊ याच शहरात आला आणि पेटीतून घरी गेला. मला आपल्या मातीपासून इतक्या लांब मरायचं नाही. हे पत्र टाकून मी गुपचूप सटकणार होतो. तू तरी मला भित्रा म्हणू नयेस, म्हणून...

थांब. दारात मोठी आई! भावाला पुरल्यावर या शहराचं तोंड बघणार नाही म्हणाली होती, तीच. इथून आपल्या गावच्या दवाखान्यात फोन गेला, तिथल्या बाईंनी तिला कळवलं म्हणे. वीस तास गाडीत बसून पाय सुजलेत. टेकायच्या आधीच म्हणतेय, "मागच्या वेळी मी आले नाही. या वेळी दाराशी बसून राहणार. कुठे करायची ती सही कर." पेन हे एकच आहे, तेव्हा थांबतो.

तुझाच,
जार्विस