झऱ्यावरचा काळा पाहुणा

लाडक्या आईला नेझाची घट्ट मिठी. पोट आडवं येतंय, सांभाळून घे.

कंबर धरते, बाकी मी ठणठणीत. बाळ दिवसभर लाथा झाडतंय. तुझा गुडघा कसा आहे?

बातमी ऐक! काल पूर ओसरल्यावर आमच्या झऱ्यात काळा सॅलॅमँडर दिसला, तोच पालीसारखा, पाण्यात राहणारा. जगात फक्त इथल्या मोजक्या झऱ्यांत उरलेला हा जीव अकरा वर्षं आमच्याकडे फिरकला नव्हता. झऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या उकिरड्यातलं शेण मुरून पाण्यात उतरतं, म्हणून तो येत नाही, असं संशोधक सांगायचे, तेव्हा सासरे त्यांच्यावर खेकसायचे. पण मला दिवस गेल्याचं कळलं आणि त्यांनी मुकाट्याने उकिरडा झऱ्यापासून लांब हलवला.

काल त्याला बघून त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "या साहेब, फार वाट बघायला लावलीत!"

सासूबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी चाळीस वर्षांत काढली नाहीत कधी!"

गेल्या वेळी तू प्यायचं पाणी घरून आणलंस, ते सासऱ्यांना फार लागलं होतं. आता तपासणीतही आमच्या झऱ्याचं पाणी पिण्याजोगं निघालंय. बाळ बघायला येताना बाटल्या आण, पण रिकाम्या. सासरे स्वतः भरून देणार आहेत.

तुझीच,
नेझा