घंगाळातले पंच

नागपूर, १९ मे १९८६

तीर्थस्वरूप अक्कास, तुझ्या संस्कृत मास्तर भावाचा धरमपेठेहून साष्टांग नमस्कार.

आपला धाकटा दिगू खुशाल आहे. हिंगण्याच्या कारखान्यातले त्याचे साहेबलोक काल घरी आले होते. उन्हाळ्यात पाहुण्यांना पन्हे देणे आता गावंढळपणाचे झाले आहे. म्हणून आईच्या तांब्याच्या घंगाळात टरबूज, आंबा, पुदिना आणि बर्फ घालून त्यावर फसफसणारी वाइन ओतली. याला पंच म्हणतात. पंचामृताची एवढी विटंबना मी पाहिली नव्हती.

फेस पाहून स्वयंपाकाच्या बायजाबाईंनी झारा घेतला आणि पाकावरची मळी काढावी तसा तो सगळा काढून टाकला. "लय मळी निंगून राहिली होती बाई, साफ केली मी." आपल्या भावजयीचा, प्रेमिलेचा, चेहरा उतरला. साहेबांनी मात्र ते गोडमिट्ट पाणी "फर्स्ट क्लास" म्हणत तीन-तीन पेले रिचवले. यांची रसिकता ती एवढीच.

दिगू घेतो का, असे तू विचारले होतेस. माझ्यासमोर त्याने लिंबाचे सरबतच घेतले. फक्त दुसरी बाटली उघडताना सगळे मागे सरले, प्रेमिलेने कान झाकले, आणि त्याने फडके धरून बूच इतके अलगद काढले की थेंबही सांडला नाही. लग्नापर्यंत याला लोणच्याची बरणी उघडता येत नव्हती.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी औषध वेळेवर घेतात ना?

ती सफाई पाहून परतीचे तिकीट मी रद्द केले. दिगूला म्हणालो, नागपूरचा मे महिना मला फार मानवतो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो कूलरमध्ये पाणी भरायला उठला.

तुझा,
विश्वनाथ