काळ्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह

अहो कम्प्युटर इंजिनीअर,

काळा दोरा बांधून देवघरात जपून ठेवलेला माझा बॅकअपचा पेनड्राइव्ह. नवीन विंडोज टाकायला तोच सापडला तुम्हाला? म्हणे, फाइली उघडेनात, खराब वाटल्या म्हणून पुसल्या. एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनी माझ्या सॉफ्टवेअरशिवाय उघडतात कुठे? विचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का? कम्प्युटरमधल्याही गेल्या. चार वर्षांचं काम एका दुपारी साफ!

गोडादऱ्याला एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात चाललेय. तिथल्या मशीनमध्ये माझ्या जेवढ्या डिझाइनी उरल्यात, तेवढ्या काढून आणते. भाकरी टोपलीत आहे, भाजी तुमची तुम्ही करा.

कम्प्युटरला हात लावायचा नाही. पासवर्ड बदललाय. लग्नाची तारीख टाकून बघू नका, ती मी काढून टाकली.

हर्षदा