केरळच्या रहमानने घेतलेला उखाणा

अल खोर, कतार
शनिवार

रा. रा. पोपटराव मेहुणेसाहेब, मु. उदगीर, यांना बालाजीचा बिनवायरीचा नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. तुमचा गुडघा आणि तुमचा कॉम्प्युटर क्लास, दोन्ही चालत असतील अशी आशा करतो. राणीच्या साखरपुड्यात तिच्या बापाची जागा मंडपातल्या टीव्हीवर ठेवलीत, त्याबद्दल आभार. (टीव्हीतून परक्या माणसाने उखाणा घेतला, त्याचा खुलासा पुढे येतोच, तोवर भावकीला चहा पाजून शांत ठेवा.)

सुट्टी नामंजूर झाली हे तुम्हाला ठाऊक आहे. कॅम्पच्या पत्र्याच्या खोल्यांत मोबाइलला रेंज नाही, हॉलमध्ये नेटची वायर एकच आणि माणसं तीस. म्हणून ऑफिसने टाकून दिलेला कॉम्प्युटर मागून घेतला, तुम्ही दिलेल्या पेनड्राइव्हमधलं लिनक्स त्यात घातलं आणि ठरवलं, वायर कॉम्प्युटरला, कॉम्प्युटरकडून हवेतून सगळ्यांना. तेव्हा तुम्ही फोनवर हसून म्हणालात, ‘दाजी, तुम्ही वायरमन माणूस, वायरी ओढा!’ ते मी विसरलेलो नाही.

चार दिवस झगडलो. आधी वायफायचं नावच दिसेना. मग नाव दिसलं, फोन जोडले गेले, पण नेट शून्य. कॉम्प्युटर आलेलं पुढे पाठवतच नव्हता. पत्रिका वाटायला दिलेल्या माणसाने त्या स्वतःच्याच घरात ठेवाव्यात, तसं. शेवटी सेटिंगच्या एका ओळीतल्या शून्याचा एक केला, आणि गुरुवारी हॉलमधले फोन एकदम वाजायला लागले! मुकादमसुद्धा म्हणाला, शाबास.

चूक झाली ती पासवर्डात. लांबलचक ठेवा, परक्याला सुचू नये असा, हे तुमचंच शिकवणं. साखरपुड्यात बायका नाव घ्यायला लावणार म्हणून मी उखाणा पाठ करत होतो, तोच इंग्रजी अक्षरांत ठेवून दिला. (बावीस वर्षांत तुमच्या भगिनींचं नाव मी तोंडाने घेतलेलं नाही. ‘राणीची आई’ एवढ्यावर संसार झाला.) तीस फोनांत कोण टाइप करणार, म्हणून पासवर्डाची चिठ्ठी केरळच्या प्लंबर रहमानकडे दिली.

तर शुक्रवारी तिकडून बायका ‘घ्या नाव, घ्या नाव’ करत होत्या, मी लाजत घसा खाकरत होतो, आणि नेमके तेव्हाच ड्यूटीवरून आलेले चौघे पासवर्ड विचारत हॉलमध्ये शिरले. माझ्या पाठीमागून रहमानने खड्या आवाजात वाचलं, ‘कतारच्या वाळूत उगवत नाही केळी, अंजनाचं नाव घेतो जेवणाच्या वेळी!’

मंडप हसला, राणी लाजायची विसरून हसली आणि मला रडू आलं. पण चित्र एकदाही अडकलं नाही, हे क्लासच्या फळ्यावर लिहून ठेवा.

तुमचा विजयी दाजी,
बालाजी

ता. क. : पत्राचं खरं कारण. पासवर्ड बदलायचा कसा ते ताबडतोब कळवा. सगळ्या कॅम्पला उखाणा पाठ झालाय. कंपनीच्या बसमध्ये नेपाळी लोक चालीवर म्हणतात.

ता. क. २ : काही कळवू नका. आत्ताच राणीच्या आईचा फोन आला, बसमधला प्रकार सांगितला. म्हणाल्या, ‘तीस जण माझं नाव घेतात, तुम्ही तेवढे राहिलात.’ खरंच, त्या गोंधळात माझी पाळी राहूनच गेली. फोनवर घ्यायला गेलो तर जीभ उचलेना. म्हणून लिहून देतो, तेवढं वाचून दाखवा : अंजना, पोरीचा साखरपुडा एकटीने छान पार पाडलास.