बाकाचं शेवटचं टोक

आपा, मागच्या महिन्यात एका रविवारी तुमच्या खोलीत मी शिकवलं आणि चुकलो. तुम्ही असत्या तर आधी पोटभर हसल्या असत्या, मग चहा टाकला असता, म्हणून तुम्हालाच कळवतो आहे. बाकी कोणाला सांगून उपयोग नाही. आमच्या घरात सी म्हटलं की लोकांना लिंबू आठवतं.

नेरच्या बस स्टँडमागची ती खोली. पुढे तुमच्या भावाचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये आपला कॉम्प्युटर क्लास. कॉम्प्युटर एकच, आणि वीज असण्यापेक्षा नसणंच जास्त. संस्कृतात एम. ए. करून नोकरी लागेना म्हणून सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला आलेला मी, वर्गात सगळ्यांत थोराड. वीज गेली की तुम्ही आम्हालाच मेमरी करायच्या. बाकावर ओळीने बसायचं, हातात ऑइल फिल्टरच्या खोक्याचे तुकडे, एकेकावर खडूने एक अक्षर. एन, ई, आर. नेर. शेवटी एक शून्य लागतं, शब्द इथे संपला हे मशीनला कळावं म्हणून, असं तुम्ही सांगितलंत आणि मला विद्वत्ता दाखवायची हुक्की आली. म्हटलं, वैशेषिक दर्शनाने अभाव, म्हणजे नसणं, हासुद्धा पदार्थच मानलाय. तुम्ही पोळी लाटता लाटता आतून म्हणालात, “बरं झालं पंडितजी. मंग अभाव तुम्हीच. बसा शेवटी. हाताची घडी, तोंडावर बोट.” त्या दिवसापासून मी शून्य. स्ट्रलेन म्हणजे लांबी मोजणारं फंक्शन. ते कोणीतरी व्हायचं आणि पहिल्या अक्षरापासून मोजत निघायचं, घडी घातलेला माणूस दिसला की थांबायचं. त्याला मोजायचं नाही. उत्तर तीन, जागा मात्र चार. “मोजत नाही, पण बसाले जागा लागते,” तुम्ही म्हणायच्या, “जावई समजा त्याले.”

आणि नक्कल करणारं ते स्ट्रकॉपी. तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. बाकासमोर बाज आहे, बाजेच्या अर्ध्या भागात तुमच्या अम्मी सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या आहेत. तुम्ही सांगता, बाकावरचं सगळं बाजेवर उतरवा. एन बसतो, ई बसते, आर कसाबसा टेकतो, आणि मी थेट सुपात. “या अल्ला! मेरी तुअर पे कौन बैठा?” अम्मी उठतात, मी पळतो, शेंगा खोलीभर. “पाहून घ्या सारे,” तुम्ही अगदी शांत, “स्ट्रकॉपी असंच करते. जागा हाये का, इचारत नाही. दुसऱ्याच्या घरात जाऊन बसते, अन् सांगतबी नाही.” मग माझ्याकडे वळून, “अन् पंडितजी, इतकं शिकले, बसाच्या आधी खाली पाहाव नाही का?” पुढे कॉम्प्युटरच्या नोकरीत मी जिथे जिथे जागा न मोजता काही उतरवायला गेलो, तिथे तिथे मला अम्मी ऐकू आल्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ही एकच गोष्ट मी धाकाने पाळली.

तुम्ही गेलात तेव्हा मी आलो होतो. जनाज्याच्या नमाजाला पुरुषांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिलो, हाताची घडी घालून. हातांचं दुसरं काय करायचं ते सुचलं नाही, आणि तिथे सगळ्यांचेच हात बांधलेले, त्यामुळे ते शोभूनही गेलं. परक्या पुरुषांना दाखवत नाहीत, म्हणून तुमचा चेहरा पाहायला मिळाला नाही. परतताना बसमध्ये दुकानांच्या पाट्या वाचत यवतमाळपर्यंत आलो. काही वाटलं नाही. पुढे कधी वाटेल म्हणून बरेच दिवस वाट पाहिली, मग वाट पाहणंही राहून गेलं.

क्लास तुमच्या भाचीने चालवला, हे तुम्हाला आवडलं असतं. त्या रविवारच्या आधी तिचा फोन आला. “काका, अब्बू म्हणून राह्यले, त्या खोलीत बॅटऱ्या ठेवू. पोरं टिकत नाहीत. मोबाइल सारं लिहून देते, म्हणतात, मंग कायले शिकाचं? एक डाव तुम्ही शिकवा, आपा फूफीसारखं. पोरांले गोडी लागली तं क्लास ठेवते, नाही तं बंद.” मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वीज होती, मी मुद्दाम बटण बंद केलं. पोरं बाकावर बसवली, पुठ्ठे वाटले, एक मुलगी मोजायला उभी केली. एन, एक. ई, दोन. आर, तीन. पुढे बाकाची जागा रिकामी. ती थांबलीच नाही. भिंतीवरचं कॅलेंडर चार, दारातलं टायर पाच, करत ती दुकानात गेली आणि इंजिनावर वाकलेल्या तुमच्या भाईंच्या पाठीवर बोट ठेवून म्हणाली, “सहा.”

“मले कायले मोजतं वो बाई? मी काय अक्षर हाओ?”

“सर, कुठवर जाऊ?” तिने रस्त्यावरून विचारलं.

पोरं लोळत होती. मी फळ्यापाशी, तुमच्या जागी, खडू धरून उभा. आयुष्यभर ज्या जागेवर बसलो ती भरायची असते, हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रिकामी जागा आपोआप शून्य होते, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. रिकाम्या जागेत आधीचं काहीबाही पडलेलं असतं. शून्य तिथे आणून बसवावं लागतं. तेवढ्यात तुमची भाची स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन आली, टोकाला बसली, हाताची घडी घातली. “बस. खतम.” ती मुलगी रस्त्यावरून परत आली, मुकाट्याने पहिल्यापासून मोजलं, तीनवर थांबली.

निघताना भाचीने चहा दिला. “पोरं खूश हायेत, काका. विचारून राह्यले, पुढच्या रविवारी सर येतात का? तुम्ही आले तं क्लास ठेवते.” मी म्हटलं, पाहू. “पाहू म्हणजे नाही,” ती हसली, “एवढी मराठी येते मले.” मी कप खाली ठेवला. तिचं म्हणणं खोडून काढायला एक वाक्य पुरलं असतं. मी चपला घातल्या आणि बस गाठली. सोमवारी बॅटऱ्या आल्या.

हे पत्र टाकणार नाही. त्या पत्त्यावर ते भाईंच्या हाती पडेल आणि ते त्यावर ग्रीसचा डबा ठेवतील. बाक खोलीत मावेना, म्हणून त्यांनी तो टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवला. आमच्या बैठकीत आहे. आलेगेले त्यावर बसतात, फक्त शून्याच्या टोकाला मी कोणाला बसू देत नाही. त्या बाजूचा पाय हलतो, असं घरात सांगितलंय.

पाय हलत नाही, आपा.